मान फिरवली की रान हलायचं

गावात पहिला एसटीडी फोन लागला त्या वर्षी मला क्षय झाला. बरेच दिवस सुया घेतल्या. खोकला गेला, जीव राहिला. पण चालायला लागलं की रस्ता उड्या मारायचा. समोरून येणारी बाई कोण, हे थांबल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे मोहाची दारू घरोघरी, त्यामुळे लोकांनी आपला अर्थ लावला. शेजारीण म्हणाली, "काऊन वं, सकाळीच घेतली का?"

चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरनं अक्षरांचा तक्ता दाखवला. बसून सगळी वाचली. चौथी शिकलेली आहे मी. मग त्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरून डावी-उजवीकडे हलवलं आणि म्हणाला, वाचा. एकही अक्षर जागेवर राहिना.

"डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन चालता, अंग हलतं, पण पाणी सांडत नाही ना?" तो म्हणाला. "मान सांभाळून घेते. तसंच कानाच्या आतला भाग डोळ्यांना सांभाळतो. डोकं उजवीकडे गेलं की तो डोळे तेवढेच डावीकडे फिरवतो, म्हणून समोरचं जागेवर दिसतं. सुयांनी तुमचं ते गेलं. दोन्ही कानांचं."

"परत येईल?"

"बहुतेक नाही. थांबून पाहत जा."

हे मी घरी सांगितलं नाही. मोहफुलं पडायला लागली होती. मी विधवा, मोह आणि तेंदूपत्ता एवढंच माझं होतं. घरी बसवलं असतं तर थोरल्या जावेच्या चुलीसमोर ताट घेऊन बसावं लागलं असतं.

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या रानात एक रीत होती. फुलं वेचणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. म्हणून एकीनं दगडावर बसून राखण करायची. आजारातून उठलेलीला किंवा पोटुशीला हे हलकं काम देत. जावेनं मला तेच दिलं.

"तू बस वं. मान फिरवत राय, झोपू नोको."

मी फिरवत राहिले. मान फिरली की सागाची खोडं एकमेकांत मिसळायची, झुडपं धावायची. तोवर मी स्वतःला एक शिकवून ठेवलं होतं : हलतं ते खोटं. वाघ दिसला की झाडावरचं वानर खेकसतं. ते खेकसलं तशी मी तिकडे वळले. झुडपात पिवळं काहीतरी हललं. सगळंच हलत होतं. मी दुसरीकडे पाहू लागले. बऱ्याच वेळानं मान दुखली म्हणून थांबले. रान जागेवर आलं. पिवळं मात्र हलतच होतं, जावेच्या पाठीमागे, एका बैलगाडीच्या लांबीएवढ्या अंतरावर.

मी ओरडले. जाऊ ताठ उभी राहिली, टोपली आपटली. वाघानं तिच्याकडे पाहिलं आणि गेला. घाईनं नाही.

जावेनं गावभर सांगितलं, "हिचे डोये घारीचे हायेत." दुसऱ्या सकाळी आणखी चौघी टोपल्या घेऊन आल्या. सगळ्यांना राखणीला मीच हवी होते. तेव्हा मात्र मी बोलले.

"मान फिरवली का मले काई दिसत नाई. काल थो उशिरा दिसला."

"रातची उतरली नाई वाटते अजून," एक म्हणाली. सगळ्या हसल्या, जाऊही हसली, आणि पाच जणी झाडांखाली वाकल्या.

मी दगडावर बसले. मान एकाच दिशेला ताठ धरली, तेवढं तरी खरं दिसावं म्हणून. समोर काही नव्हतं. मग माझ्या पाठीमागे वानर खेकसलं.

मी वळले नाही. वळून कळणार नव्हतं. "उठा!" एवढंच ओरडले.

"कुठी हाय? कुठी?" सगळ्या विचारू लागल्या. मला बोट दाखवता येईना. जाऊ जवळ आली, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"खरं सांगत होती तू?"

"हो."

"काल किती वेळ होता थो माझ्या मांगे?"

"वानर पयल्यांदा खेकसलं तवापासून."

तिनं माझा दंड धरला आणि मला बायांच्या मधे घातलं. अर्ध्या टोपल्या घेऊन आम्ही एकमेकींना चिकटून निघालो. चालताना मला सगळंच रान उड्या मारताना दिसत होतं. वानर झाडाझाडावरून खेकसत आमच्यासोबत नाल्यापर्यंत आलं.