रेघेबाहेरचा पाय

नात टीव्हीवर फुटबॉल बघत होती. रेघेबाहेर कोट घातलेला एक माणूस उभा होता. नात म्हणाली, "आज्जी, ह्यो फ्रान्सचा. आधी सोता खेळायचा, आता मॅनेजर हाय. अजून एक मिनिट गोल अडवला की जिंकला."

तेवढ्यात बॉल त्याच्या गोलाकडं सुटला, अन् त्याचा पाय जागच्या जागी हवेत उडाला. ते मला वळखीचं वाटलं. मालक गेल्यावर खानावळीत भाकरी थापून तीन पोरं वाढवली मी. आता सून थापती, अन् दारात बसून माझ्या हाताचा तळवा गुडघ्यावर भाकरी थापल्यावानी फिरतो.

त्याच्या गड्यानं बॉल अडवला. मी टाळी वाजवली.

सून चुलीवरनं म्हणाली, "आत्याबाई, भाकरी हितं फुगली, अन् टाळी कुणाला?"

"दोघांस्नी," म्हणलं मी.