शकुनबाईच्या एकोणीस मांजरी अन् त्यायची नावं

ब्रह्मपुरीकरांनो, आज सकाळी आम्ही तिघी मैत्रिणींनी शकुनबाईच्या घरून एकोणीस मांजरी आणल्या. तिच्या दोन खोल्या, गुडघे गेलेले, घरात दुसरं कोणी नाई. तिनंच मले फोन केला होता, "आता माह्याच्यानं होत नाई, पोरी."

कोंबड्या झाकायचे डालगे घेऊन पोचलो तर फाटकाशी अर्धा मोहल्ला उभा. वास येते म्हणे, मांजरींच्या मागं बिबट्या येईल म्हणे. एक ठेकेदार साहेब सगळ्यात मोठ्यानं बोलून राह्यले होते, "जंगलात नेऊन सोडा, तिथी जगतीन."

मांजरी काही आमच्या हाती लागेनात. मग शकुनबाई दारात बसली अन् एकेकाले हाक मारू लागली. "ये मास्तर. ये किराणावाली. ये ठेकेदार."

मी विचारलं, अशी कशी नावं?

"ज्यानं पोत्यात भरून माह्या अंगणात टाकलं, त्याचंच नाव. पहाटे तोंड बांधून येतेत, पण चाल ओळखू येते."

फाटकाशी उभे असलेले एकेक करून मागं सरकू लागले. पिवळा बोका ठेकेदार मात्र शेपटी वर करून आला अन् डालग्यात जाऊन बसला.

आता सगळ्या माझ्या मागच्या खोलीत आहेत. दुपारपासून फोन येऊन राह्यले की निदान नावं तरी बदला. नाई बदलणार. ज्याले आपलं नाव खटकते, त्यानं आपलं मांजर घरी न्यावं अन् मग काय ठेवायचं ते ठेवावं.

न्यायले डालगा मी देते. कोण येते पहिले?