भावाचं कार्ड

माझा धाकटा भाऊ गेला तो दुधाचा दात पडल्याचं निमित्त होऊन. मुंबईत कुणाला हे सांगितलं तर खरं वाटत नसे. दात पडून कोण मरतं? पण त्याचं रक्त एकदा वाहायला लागलं की थांबत नसे. साधं धडपडला तरी गुडघा सुजून काळानिळा व्हायचा. आमचं घर मालवणला, किनाऱ्यालगत. वडील रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरायला, जायचे. रापण ओढायची वेळ झाली की गावची सगळी पोरं दोराला हात लावायला धावायची, आणि हा आईजवळ बसून नुसता बघायचा. खडकांवरच्या कालवांच्या शिंपल्यांना धार असते, म्हणून ओहोटीला आई त्याला बाहेरच सोडत नसे.

दात पडला तेव्हा तिने आधी हळद दाबली, मग कापूस. डॉक्टरांनी औषध लावलं, इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आईच्या मांडीवरच गेला.

वडिलांची आई ओसरीवरून सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्या हिच्या म्हायेरसून इलला. हिचो भाव पन असोच गेललो."

पुढे कित्येक वर्षं आई माहेरच्या देवाला गाऱ्हाणं घालत राहिली. काय चुकलं ते तिला कळत नव्हतं, तरी ती क्षमा मागत होती.

मॅट्रिक झाल्यावर मी काकांकडे मुंबईला गेले आणि एका इस्पितळाच्या संशोधन विभागात पंचिंगच्या कामाला लागले. तिथल्या डॉक्टरबाई रक्त न थांबणाऱ्या रोग्यांच्या घरांची माहिती गोळा करत. माणशी एक जाड कार्ड. पुरुष की बाई, वय काय, रोग आहे की नाही, आई कुठल्या घरातली, हे सगळं त्या कार्डावर भोकांनी लिहायचं. मग गठ्ठा यंत्रात घातला की ज्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल त्याप्रमाणे कार्डं खडखडत वेगवेगळ्या खणांत पडत. डोळ्यांना जे शेकडो कागद चाळूनही दिसलं नसतं, ते त्या ढिगांत उघड दिसे. रोग्यांच्या खणात जवळजवळ सगळे पुरुषच. त्यांचे वडील धडधाकट. आयाही धडधाकट, पण त्या आयांचे भाऊ मात्र रोग्यांच्या खणात.

"आईला काही होत नाही," बाईंनी मला समजावलं. "पण तिच्याकडून ते मुलाकडे जातं. प्रत्येक मुलाकडे जाईलच असं नाही. नाणं उडवल्यासारखं आहे. आणि मुलीकडे गेलं तर ती आईसारखीच, वरून निरोगी."

मी त्यांना आमच्या घरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझी हरकत नसेल तर ही माहितीही घेऊ." भावाचं कार्ड मीच पंच केलं. शेवटच्या रकान्यात जिवंत की मयत एवढंच होतं. तिथे भोक पाडताना यंत्राचा आवाज नेहमीसारखाच झाला. ते कार्ड गठ्ठ्यात गेलं आणि मग मला ते पुन्हा ओळखता आलं नाही.

मे महिन्यात बोटीने घरी गेले. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी आली होती. आई परसात मासे कापत होती. कामाविषयी तिने विचारलं, तसं मी सगळं सांगून टाकलं. सुरी तिच्या हातात तशीच राहिली.

"म्हंजे माझ्याकडसूनच इला?"

"तुझो काय दोष नाय, आये. तुका तरी खंय म्हायत होता?"

"माझ्या आयेक पन लोकांनी असोच बोल लावलो," ती म्हणाली. "ती रडत रडतच मेली. तिका कोन सांगतला आता?"

आणि मग ती स्वतःही रडली. माझा भाऊ गेला तेव्हाही तिला इतकं मोकळं रडताना मी पाहिलं नव्हतं.

बहिणीला सांगायचं ठरलं. तिने ऐकून घेतलं, पोटावर हात ठेवला आणि माझ्यावरच चिडली. "मगे मी काय करू? आता ह्याका परत पाठवू?" कार्डं किती मुलांना रोग होतो ते सांगत. पुढच्या मुलाला होईल का, ते सांगत नसत.

मुलगी झाली. आईने वाडीभर साखर वाटली. मुलगी झाल्यावर साखर वाटणारी ही कोण, म्हणून शेजारणी हसल्या. बहीण मात्र बाळाला छातीशी धरून हुंदके देत होती.

संध्याकाळी आई नातीला पायांवर घेऊन तेल लावत होती. तिचे चिमुकले गुडघे चोळताचोळता तिने हळूच विचारलं, "हिच्यातय आसात काय गो?"

"म्हायत नाय, आये. ता कळाची सोय अजून नाय."

आईने मान हलवली. बाळाला दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं आणि बहिणीसाठी पेज टाकायला ती चुलीकडे गेली.