आईच्या पोटावरचा लाल ठिपका

लेझरचा लाल ठिपका माझ्या आईच्या पोटावर येऊन थांबला.

अंधेरीतलं आमचं ऑफिस. काचेची मीटिंग रूम, भिंतभर पडदा, टेबलाभोवती नऊ माणसं. पडद्यावर आईचा फोटो. चार बंगल्याच्या मासळी बाजारात ती आपल्या जागेवर बसलेली. एक गुडघा वर, पायाखाली मासे कापायचा कोयता, हातात अर्धी कापलेली घोळ मासळी. पोट मांडीवर टेकलेलं. त्या पोटावर ठिपका गोल गोल फिरत होता.

"हे काय आणलंस रे?" केदारने विचारलं. केदार आमचा आर्ट डिरेक्टर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. "क्लायंटने जलकन्या मागितलीय. तू मच्छीवाली घेऊन आलास."

सगळे हसले.

"कुठे मिळाली ही तुला?"

मी म्हणालो, "नेटवर."

आणि मीही हसलो.

हे कागदावर उतरवायला मला चार वर्षं लागली. मधल्या काळात मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

माझं काम शरीरं घडवायचं. परदेशातल्या कंपन्या गेम काढतात, त्यातली पात्रं आमच्यासारख्या ठिकाणी तयार होतात. बहुतेक गेम अद्भुत देशांचे. तिथे माणसांबरोबर आणखी जमाती राहतात. सरड्यांची जमात, वाघांची, माशांची. प्रत्येक जमातीत नर आणि मादी.

नर करायचा तर मोकळीक असते. माशांच्या जमातीतल्या नराला कुबड द्या, कल्ले द्या, बाहेर आलेले सुळे द्या, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना न्या. तो जितका माशासारखा, तितकी शाबासकी. मादी करायची तर एक फाईल उघडायची. फाईलमध्ये एक राखाडी बाई उभी असते. केस नाहीत, बुबुळं नाहीत, बेंबी नाही. दोन्ही हात बाजूंना पसरलेले. कंबर मुठीत मावेल एवढी, छाती भरलेली, पावलं उंच टाचांवर उभी असावीत तशी. टाचा बुटाला नाहीत. हाडालाच.

चौदा वर्षं मी त्या एकाच बाईवर कातडी चढवत आलो. वाघाचे पट्टे चढवले, सरड्याचे खवले चढवले. झाडांची जमात आली तेव्हा झाडाला छाती काढली. दगडांची जमात आली. नर म्हणजे अख्खा डोंगर. मादी म्हणजे तीच बाई, काळ्या कातळाच्या रंगात. एकदा टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने मला विचारलं होतं, सर, सरडा अंडी घालतो ना, मग त्याला हे कशाला? मी सीनियर होतो. मी तिला समजुतीच्या सुरात म्हणालो की बाजार असाच आहे, डोकं लावू नकोस. त्यानंतर तिने मला काहीही विचारलं नाही.

मग माशांची जमात आली.

मासे मला माहीत होते. मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात वाढलो. आई अंगठ्याने माशाचं पोट नुसतं दाबायची आणि सांगायची, मादी आहे, गाभोळी आहे आत. तिचा अंगठा कधी चुकला नाही. पावसाळ्यात आमच्या होड्या वर ओढून ठेवतात, कारण त्या दिवसांत माशांची पोटं अंड्यांनी भरलेली असतात. भरल्या पोटाला तेवढे दिवस हात लावायचा नाही. मादीचं पोट म्हणजे पुढच्या वर्षाची चूल, हे आम्हाला शाळेत जायच्या आधी कळलेलं असतं.

तेव्हा वाटलं, एक तरी खरी करूया. ती फाईल उघडलीच नाही. सॉफ्टवेअरमधल्या कोऱ्या मातीपासून सुरुवात केली. नरापेक्षा मोठी मादी, सपाट छाती, मानेपासून खाली कल्ले, जड आणि मिरवण्यासारखं पोट. बसणं, खांदे, मान आईची. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहून जी मान होते ती मान. फोटोसाठी बाजारात गेलो तेव्हा आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "हात नीट येऊ दे हां. हात म्हंजे कोळणीचं तोंड."

मॉडेल दाखवण्याआधी मी तो फोटो लावला, आणि त्याच फोटोवर तो ठिपका फिरला. मीटिंगमध्ये एकच माणूस हसलं नाही. तीच मुलगी. ती मान खाली घालून वहीत रेघा मारत होती. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

केदारने सांगितलं, नेहमीची बाई घे, हिरवा रंग दे, कानाला माशाचे पर लाव. मी जागेवर येऊन बसलो. नवी फाईल उघडून काम झालं असतं, पण मी तसं केलं नाही. का केलं नाही, ते आजही सांगता येत नाही. मी माझं मॉडेल घेतलं आणि त्यातच बदल करत गेलो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मांस आत ढकलायचा ब्रश असतो. आधी पोट आत ढकललं. मग खांदे उतरवले. मान बारीक केली. छाती ओढून बाहेर काढली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आई संपली. माझ्या हाताने.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या फोटोचा स्टिकर केला. ऑफिसच्या ग्रुपवर कोणी जेवायला बोलावलं की उत्तरात आई यायची, कोयत्यासकट. एकदा मीही तो पाठवला.

त्या रविवारी कोळीवाड्यात गेलो. मी बोरिवलीला राहतो. लग्नानंतर मुद्दाम लांब घर घेतलं. बायकोच्या माहेरच्यांना सुक्या मासळीचा वास सोसत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. सोसत मलाच नव्हता. आईने चहा ठेवला आणि विचारलं, साहेबाला फोटो आवडला का?

मी म्हणालो, "आवडला."

तेव्हापासून ती राखाडी बाई मला फाईलबाहेर दिसायला लागली. कपड्यांच्या दुकानाच्या काचेमागे. औषधांच्या जाहिरातीत. डोळे मिटले की हात पसरून समोर उभी. काही मागत नाही, काही बोलत नाही. तिला तोंड उघडायची सोय आम्ही कधी केलीच नव्हती. एका दुपारी घरी लवकर आलो तर माझी मुलगी आरशासमोर उभी होती. टाचा उचललेल्या. श्वास रोखून पोट आत घेतलेलं. हात अंगापासून जरा लांब. मी दारातच थांबलो. ती उभी राहण्याची तऱ्हा मला पाठ होती.

गेम बाजारात आला. मुलीने कौतुकाने आजीला मोबाईलवर दाखवला, बाबांनी केलीय म्हणून. आईने चष्मा लावला. हिरवी, चकचकीत बाई पडद्यावर गिरकी घेत होती. आईने बराच वेळ बघितलं. अंगठा पडद्यावर नेला, त्या कमरेवर ठेवला आणि दाबला. सवयीने.

"हिची गाभोळी कुठं रं?"

मी मोबाईल घ्यायला गेलो, तिने तो सोडला नाही.

"एवढ्याशा जागेत अंडी कुठं ठेवल ही? नि दूध पाजतंय तर मासा कसा? मासा हाय तर हे कशाला?"

मुलगी हसत सुटली. आई हसली नाही. तिने मोबाईल परत दिला आणि मला विचारलं, माझा फोटो कशाला काढलेलास मग?

मी म्हणालो, वेगळ्या कामासाठी. आणखी एक खोटं.

गेल्या महिन्यात पुन्हा सरड्यांची जमात आली. पुन्हा तीच काचेची खोली. मादीचं काम माझ्याकडे. केदारने सुरुवातीलाच तो जुना फोटो पडद्यावर टाकला, नव्या मुलांना गंमत म्हणून. "याच्यावर लक्ष ठेवा हां. हा परत मच्छीवाली आणेल." ठिपका सुटला आणि सरळ पोटावर गेला.

मी उभा राहिलो.

"ती माझी आई आहे."

केदारचा चेहरा पडला. माणूस दुष्ट नाही तो. म्हणाला, "अरे, आधी सांगायचंस ना यार. आपण हसलो नसतो."

"म्हणजे दुसऱ्याची आई असती तर चाललं असतं."

मलाही ते चालत आलं होतं. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्याच आया कापत होतो. मी एवढंच म्हणालो की सरडीला छाती नसते, मी काढणार नाही, आणि ती फाईल यापुढे उघडणार नाही. लाल ठिपका अजून फोटोवरच होता. मी म्हणालो, "तो आधी बंद कर."

त्याने बंद केला.

आता माझ्याकडे दगड आणि पिंपं आहेत. गेममधल्या वाटेवर पडलेले दगड, गोदीतली पिंपं. वीस-बावीस वर्षांची मुलं करतात ते काम. ती टीममधली मुलगी केव्हाच नोकरी सोडून गेली होती. तिला शोधून मेसेज केला, माझं चुकलं म्हणून. तिने वाचला. उत्तर आलं नाही. येऊ नये हेच बरोबर.

राहिली आई. शनिवारी सकाळी बाजारात गेलो. ती सुरमई कापत होती. तिच्या समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. फोटो आवडला नव्हता. ऑफिसातले हसले. मी नेटवर मिळाला म्हणालो. मीही हसलो. तो स्टिकर मीही पाठवला. तुझं पोट मी आत ढकललं.

तिचा हात थांबला नाही. तुकडे एकसारखे पडत होते. पाणी मारून तिने कोयता धुतला. मग माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"सर बाजूला. माणसं उभी हायत."

मी सरलो.

तिने मला माफ केलेलं नाही. मी माफी मागणारही नाही. तो फोटो आता माझ्या टेबलावर आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. ही कोण, असं कोणी विचारायची मी वाट बघत नाही. आधीच सांगतो. आणि राखाडी बाई रोज समोर येऊन उभी राहते, हात पसरून. तिच्यावर मी पुन्हा कातडी चढवणार नाही. दगड करीन. जन्मभर दगड करीन. पण त्या दगडाला कोणी छाती काढायला सांगितली, तर तोही करणार नाही.