बुधवारची नोंद

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चुलत भावाच्या घरचं सॅटेलाइट इंटरनेट बंद पडलं. नऊ मिनिटांनी परत आलं. साडेपाचपर्यंत ते आणखी सहा वेळा गेलं.

भावाचं घर आमच्या समोर, साखरा गावातल्या एकाच गल्लीत. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केली आणि ती संपल्यावर गावी परतलो. यंत्रातलं मला फार कळत नाही. तक्रार मात्र फोनवर मुद्देसूद सांगता येते, म्हणून मला बोलावलं.

ते इंटरनेट भावाच्या मुलीसाठी घेतलं होतं. ती पुण्याच्या एका कंपनीत विम्याच्या फायली तपासते. दुपारी दोन ते रात्री दहा अशी तिची पाळी. कंपनीनं तिला घरून काम करायची परवानगी दिली होती, पण पाळीच्या वेळात लिंक तुटता कामा नये या अटीवर. तुटत राहिली तर पुण्याला परत जायचं. आमच्या गावात घरात फोन लागतो, मोबाइलचं नेट चालत नाही. म्हणून भावानं गच्चीवर छत्री बसवून घेतली.

ती आल्यापासून त्या घरात दुपारी एकला तिघं एकत्र जेवत. आमच्या ओसरीतून ते दिसतं. मी एकटा जेवतो. माझी मुलगीही पुण्यात आहे, साधारण तशाच कामात. वर्षातून दोनदा येते, तीन दिवस राहते. नेटला रेंज नाही म्हणून जास्त राहता येत नाही, असं ती सांगायची आणि मी ते खरं मानत आलो होतो. समोर छत्री बसली त्या दिवसापासून मला त्या घराचा मत्सर वाटू लागला. दुसरा, सौम्य शब्द शोधून पाहिला. सापडला नाही.

छत्री बसवल्यावर सतरा दिवस मी ती बघायला गेलो नाही. अठराव्या दिवशी, रविवारी, गेलो. पुतणीनं लॅपटॉपवर स्पीड दाखवला. मी म्हणालो, "आमच्या हापिसातबी एवढा नव्हता. नशीबवान हाय तुमी." वहिनींनी चहा दिला.

दुसऱ्याच दिवशी लिंक तुटली.

"कालपर्यंत बराबर चालू होतं," भाऊ म्हणाला. "तू बघून गेलास अन् बिघडलं. तुझी नजर लई तेज हाय, बाबा."

तो हसला. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

कंपनीच्या हेल्पलाइनवरचा माणूस हिंदीत बोलत होता. छतरी के सामने पेड़, टंकी, कुछ आता है क्या, असं त्यानं विचारलं.

भाऊ शेजारून म्हणाला, "आभाळ येतंय म्हणाव. दुसरं काहीच न्हाई तिकडं."

दुरुस्तीचा माणूस नांदेडहून येणार, आणि तोही आठवड्यानंतर, असं कळलं. तोवर लिंक कधी गेली आणि कधी आली त्याची वेळ लिहून ठेवायला त्यानं सांगितलं. मी दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक दिवसाला एक पान.

मंगळवारी एकेक कारण तपासलं. मोडेमचा अडॅप्टर बदलला. फरक पडला नाही. इन्व्हर्टरवरून जोडणी काढून सरळ बोर्डावर दिली. फरक पडला नाही. सकाळी अकराला ढग होते तेव्हा लिंक टिकली, आणि दुपारी साडेतीनला आभाळ मोकळं असताना गेली, म्हणून ढगाचं कारण खोडलं. छत्रीचं तोंड नैर्ऋत्येला आणि कडुलिंब पूर्वेला, म्हणून झाडही खोडलं. राहिली एक गोष्ट. जिन्याच्या बाजूचा पत्रा वाजला की अर्ध्या मिनिटात लिंक जात होती. म्हणजे वाऱ्याशी संबंध होता.

"काहून तुटून राहिलं हे, काका?" पुतणीनं विचारलं. कानावरचा हेडफोन तिनं एका बाजूनं वर केला होता. "तिकडून मला सगळे आंधळी कोशिंबीर खेळल्यावानी हाका मारून राहिले."

"उद्या वर चढून बघतो," मी म्हणालो.

बुधवारी चार वाजता मी चढलो. छत्री जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर आहे. तिथे लोखंडी शिडीनं जावं लागतं आणि खालून छत्रीची फक्त पाठ दिसते. छत्रीसमोर दांडीच्या टोकाला एक छोटा डबा असतो. त्याचं तोंड छत्रीकडे असतं आणि सिग्नल तिथून आत जातो. त्या डब्याला काळ्या दोऱ्यानं एक बाहुली बांधलेली होती. काळ्या कापडाची, वीतभर, खाली लिंबू आणि लोखंडी खिळा. वारा पडला की ती डब्याखाली लोंबायची. नैर्ऋत्येचा झोत आला की उडून बरोबर तोंडावर जाऊन बसायची.

दोरा नवा होता. लिंबू सुकलेलं नव्हतं. छत्री बसून एकवीस दिवस झाले होते. बाहुली फार तर तीन दिवसांची होती.

"दिसलं का काही?" भावानं खालून विचारलं.

"वायर उद्या बघतो," मी म्हणालो.

खाली येऊन मी वहीत लिहिलं: बुधवार, ४.०५, डब्याच्या तोंडावर काळी बाहुली, वाऱ्यानं आड येते. पाहिलेलं लिहायचं, ही नोकरीतली सवय.

भावाला न सांगण्याची कारणं दोन होती. सांगितलं असतं तर बाहुली कुणी बांधली हे निघालं असतं, आणि कुणासाठी हेही. दुसरं कारण असं की खालच्या खोलीत पुतणी "हॅलो, आवाज येतोय का?" असं सारखं म्हणत होती आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला. काकांकडे नेट आहे, तिथं बसून काम कर, जेवायला घरी ये, महिनाभर राहा, असं सांगितलं.

"बाबा, रेंजचं निमित्त होतं हो," ती म्हणाली. "असती तरी मी एवढे दिवस आले नसते. माझं इथं बरं चाललंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग तिनं माझ्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी केली.

गुरुवारी सव्वातीनला पुतणीची मोठी मीटिंग होती. पाऊण तासात लिंक पाच वेळा गेली. पाचही वेळा मी लिहिल्या. वहिनी दारात उभ्या होत्या.

"भाऊजी, काही सापडलं न्हाई का हो?"

"न्हाई."

"कोणाची नजर लागली काय म्हाईत," त्या म्हणाल्या. त्या मोडेमकडे बघत होत्या.

शुक्रवारी सकाळी मी शिडी चढून दोरा कापला. बाहुली रुमालात गुंडाळून स्वयंपाकघरात नेली आणि वहिनींसमोर ओट्यावर ठेवली.

"ही आड येत होती."

त्यांनी पोळपाट बाजूला सारला. "मीच चढले व्हते. सोमवारी सकाळी. ह्यांना न्हाई सांगितलं, शिडीवर चढले म्हणून ओरडले असते." मग म्हणाल्या, "नव्या वस्तूला बांधतातच की. तुमच्यासाठी न्हाई बांधली, भाऊजी."

"व्हय."

"अन् लेकरू चार दिवस रडून राहिलं तिकडं."

दुपारी वारा सुटला. पत्रा वाजला. लिंक गेली नाही. पाच वाजता पुतणीनं वही मागितली. बिघाड आपल्या हातचा नव्हता आणि आता दुरुस्त झाला आहे, हे तिला मॅनेजरला दाखवायचं होतं. ती पानं उलटत गेली आणि थांबली.

"काका, हे बुधवारी लिहिलंय."

"व्हय."

"आई म्हणाली, आज सापडली."

"बुधवारी दिसली होती."

तिनं वहीवरून नजर उचलली, माझ्याकडे पाहिलं. मोबाइल काढून तिनं सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार अशा चार पानांचे फोटो घेतले. वही मिटून माझ्या हातात दिली.

मॅनेजरचं उत्तर शनिवारी सकाळी आलं. गुरुवारच्या मीटिंगनंतर निर्णय झाला होता, सोमवारपासून ऑफिसात हजर व्हायचं. भावानं ते मला दोनदा वाचून दाखवलं आणि कंपनीला शिव्या दिल्या. "एक दिवस आधी सापडली असती तर," असं तो म्हणाला. पुतणी तिथंच कपड्यांच्या घड्या करत होती.

रविवारी संध्याकाळी ती हिंगोलीहून ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेली.