धोट्यांच्या होड्या आणि आत्याचा मान

आमची जमीन गोडाऊनसाठी गेली, त्या वर्षी बैलही गेले आणि घरामागचा गोठा रिकामा झाला. त्या गोठ्यात मी होड्या करायला लागले. खेळण्यातल्या, दीड वितीच्या. गावातल्या कापडाच्या लूमवर धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा मुळातच होडीसारखा असतो. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये पोकळ. झिजला की कारखान्यात तो कोपऱ्यात टाकतात. तसले मागून आणायचे, टोकांचं लोखंड काढायचं, पोट पटाशीने आणखी कोरायचं, तळ घासून गोल करायचा, वर डोलकाठी बसवायची. विकायच्या नव्हत्या. मला करायला आवडायच्या, एवढंच.

हे मी वडिलांकडून शिकले. माझं माहेर खाडीकाठचं. वडील होड्या बांधायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती त्यांच्या हाताखाली जायला. आधी फळी धरून ठेवायची, मग रंधा ओढायचा, मग पटाशी. ते मला माझ्या नावाने हाक मारायचे, म्हणजे पहिल्या नावाने. लग्नात ते नाव गेलं. आमच्यात नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने लिहितात. लिहिलं नवऱ्याने, पण निवडलं होतं नणंदेने. मी ताटाच्या पलीकडे मान खाली घालून बसले होते, त्यामुळे ते मला उलटं दिसलं आणि लगेच वाचता आलं नाही. शेजारच्या बाईने कानात सांगितलं तेव्हा कळलं की आता आपण ह्या.

मुलगी कॉलेजात जायला लागली, घरात कॉम्प्युटर आला. तिने मोबाइलवर माझ्या कामाचा व्हिडिओ काढला. मी सांगितलं होतं, चेहरा नको, आवाज नको, फक्त हात. बांगड्या पटाशीला अडकतात म्हणून मी त्या वर सारून चिंधीने बांधते. त्यामुळे चित्रात नुसते पंजे दिसायचे. तिला ते फार आवडलं. म्हणाली, हे सगळ्या जगाला दिसेल असं टाकू, आपलं स्वतःचं चॅनल करू.

"नाव काय ठेवायचं, आई? नीट विचार कर. एकदा टाकलं की मी बदलणार न्हाय."

"मी काय सांगणार?"

"काम तुझं हाय ना? रविवारी करते. तोवर सांग."

ते चार दिवस मी गोठ्यात काम कमी आणि विचार जास्त केला. मला माझं पहिलं नाव हवं होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. माहेरी भाऊ मला बाय म्हणतात. वाटलं, कुठेतरी ते नाव लिहिलेलं असावं आणि त्याखाली मी केलेलं काम असावं. पण तोंडाने सांगणं मला जमणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून शनिवारी मी एका फळीवर ते पेन्सिलने लिहिलं. मोठं, रेघ मारून. मुलगी गोठ्यात आली की फळी तिच्यापुढे धरायची, बोलायची गरजच नाही.

रविवारी सकाळी नणंद आली. तिला बातमी कळली होती.

"काय गो, चॅनल काढताय आणि आत्याला पत्ता न्हाय? ह्या घरात नाव कोण ठेवतं?"

"आत्या, हे काय पोर हाय?" मुलगी हसली.

"पोरच! बारसं करायचं. पण कुर्र कुठं करू? ह्या डब्याला कान कुठं हायेत ते दाखव."

नवरा म्हणाला, "मागं पंखा हाय बघ, तिथं कर." सगळे हसले. मीही हसले. नणंदेने खरोखर कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. मग ती म्हणाली, आधी काम बघू दे, आणि सगळे गोठ्यात आले.

फळी समोरच उभी होती. मी पुढे झाले आणि ती उलटी करून भिंतीला लावली. कुणी बघितलं नाही.

"आबांचं नाव ठेव," नणंद म्हणाली. आबा म्हणजे माझे सासरे. "जमीन त्यांची, गोठा त्यांचा. पुढं वर्कशॉप लाव."

"चलो, फायनल," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुझं काय म्हणणं?"

त्याने विचारलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. विचारलं नाही असं मला म्हणता येणार नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. "आई, बोल. नंतर बदलणार न्हाय हां."

मी म्हणाले, "ताईच ठरवतील. मान त्यांचा."

इतकी वर्षं जे म्हणत आले तेच तोंडातून आलं. मुलगी घरात गेली आणि तिने ते नाव टाकलं. नणंदेने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

व्हिडिओ काही लोक बघायचे. खाली लिहायचे, दादा, हाताला सफाई आहे. काका, पटाशी कुठली? मुलगी चिडायची. "लिहू का, की ही माझी आई हाय?" मी नको म्हणायचे. मग एकदा कुणीतरी विचारलं, कुणाकडून शिकलात?

"काय लिहू?" मुलगी म्हणाली.

ह्यावर मात्र मी लगेच बोलले. "वडिलांकडून, असं लिही."

तिने लिहिलं. मला त्या दिवशी बरं वाटलं. पुढच्या रविवारी नणंद आली आणि मुलीने तिला कौतुकाने सगळं वाचून दाखवलं. वर आबांचं नाव, खाली 'वडिलांकडून शिकलो'. मुलीने सवयीने पुरुषासारखंच लिहिलं होतं. नणंदेने पदराने डोळे पुसले.

"वहिनी, आमच्या आबांची आठवण ठेवलीस गो. लोकांना वाटंल त्यांनीच शिकवलं."

सासऱ्यांनी जन्मभर भातशेती केली. पटाशी त्यांनी कधी हातात धरली नाही, हे तिलाही माहीत होतं. तरी ती खरंच रडत होती आणि तिचा हात माझ्या हातावर होता. मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी मानेनेच तिला नको म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.

ती फळी अजून तशीच भिंतीकडे तोंड करून आहे. रंधा दोनदा ओढला की पेन्सिलीचं नाव निघून जाईल. मी रंधा हातात घेते आणि दुसऱ्याच फळीवर चालवते.