मोकळा ठेवलेला खिळा

साळवे सरांची नि माझी पहिली ओळख एका वाकड्या तसबिरीमुळे झाली. तिसगावच्या आमच्या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून रुजू व्हायला आले, त्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले होते. एक उंच, सावळे गृहस्थ आत आले, त्यांनी मला नमस्कार केला, माझ्या डोक्यावरची तसबीर एका बोटाने किंचित सरळ केली आणि ते निघून गेले. काय विक्षिप्त माणूस आहे, असे मला वाटले. मागाहून कळले की हे चित्रकलेचे शिक्षक, आणि कोणाच्याही घरी गेले तरी चहाच्या आधी ते भिंतीकडे बघतात. आज सर साठ वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान गौरव समितीने मला दिला आहे. हा मान मला शोभतो का, ते वाचकांनीच ठरवावे. कारण सरांच्या सर्वांत मोठ्या कामात आडवी आलेली बाई मीच.

सरांच्या वर्गात एक नियम होता. मुले सवयीने दोन त्रिकोणी डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढायची. सर शांतपणे विचारत, "हे डोंगर कुठले?" मग ते म्हणत, ज्याचे नाव माहीत नाही तो डोंगर काढू नये. त्यामुळे आमच्या मुलांच्या वह्यांत करंजीचा घाट आला, मढीचा गड आला, बाजाराच्या दिवसाची बैलांची रांग आली. परीक्षक कधी कधी नाराज होत. सर मात्र कधी आपल्या म्हणण्यापासून हटले नाहीत, आणि आवाजही कधी चढवला नाही.

माझे वडील गेले तेव्हा त्यांचा एकही धड फोटो घरात नव्हता. होता तो एसटीच्या पासावरचा, शिक्क्याने अर्धा झाकलेला. सरांनी तो पास मागून नेला. चार दिवसांनी परत आले ते फक्त एक प्रश्न विचारायला: वडील हसताना कोणता गाल वर जायचा? उजवा, मी सांगितले आणि मला रडू कोसळले. ते चित्र आज माझ्या घरात आहे. शिक्क्याखाली गेलेला गाल सरांनी मला परत दिला, आणि त्यांचे हे ऋण मला मान्य आहे.

आता त्या मोठ्या कामाविषयी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेचा नवा हॉल बांधून झाला. भिंती सजवायच्या म्हणून कोणी बर्फाचे डोंगर आणि बदकांची तळी असलेली तयार चित्रे आणायचे ठरवत होते. सर म्हणाले, मुले वर्षानुवर्षे या भिंतींकडे बघणार, त्यांना आपले राज्य दाखवू. मग वर्षभर खपून त्यांनी बारा चित्रे रंगवली. देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी, नगरचा भुईकोट, भंडारदऱ्याचे धरण, हरिश्चंद्रगडाचा कडा, कोकणचा किनारा. चौकटीही सागाच्या पट्ट्या कापून स्वतःच केल्या. खिळे मात्र तेरा ठोकले. मी विचारले तर म्हणाले, एक चित्र अजून काढायचे राहिले आहे. कोणते, ते सांगितले नाही.

बारावे चित्र करंजी घाटाचे होते. वर निळसर डोंगर, खाली वळणाचा रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या पाच बाया. सजावटीची जबाबदारी माझ्याकडे होती. मी म्हटले, आपला विषय राज्याचा इतिहास आणि निसर्ग असा आहे, यात खडी फोडण्याचे काय काम? सर म्हणाले, "बाई, किल्ल्याचा दगड काय आपोआप वर चढला?" तरीही मी हट्ट सोडला नाही आणि संस्थेच्या अध्यक्षांनी माझीच री ओढली. तेव्हा सरांनी सांगितले की त्या पाचांतली एक त्यांची आई आहे. सर शाळेत शिकत होते तेव्हा दुष्काळ पडला आणि आई त्या घाटातल्या कामावर होती. उद्घाटनाला ती येणार आहे. एक दिवस चित्र राहू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः उतरवतो. एवढेच त्यांनी मागितले. मी मोठ्या मेहरबानीने होकार दिला. आज ते आठवले की मान खाली जाते.

उद्घाटनाच्या सकाळी घाईत मी आमचे शिपाई बाबूमामा यांना सांगितले, हॉलमधल्या सगळ्या तसबिरींना हार घाला. मला म्हणायचे होते व्यासपीठावरच्या थोर पुरुषांच्या तसबिरी. पाहुणे आत आले आणि बघतात तो काय, देवगिरीला हार, धरणाला हार, समुद्रालाही हार! आपल्याकडे काचेत जातात ते एक तर देव, नाहीतर गेलेली माणसे. मामांना विचारले तर ते म्हणाले, "काचंत आलं म्हंजे पुजायचंच की." लोक हसू लागले. तेवढ्यात माझी नजर बाराव्या चित्राकडे गेली. तिथेही हार होता. आणि सरांची आई, जिवंत, धडधाकट, त्या चित्रासमोर उभी होती.

मी धावत जाऊन हार काढायला हात वर केला. आजींनी माझे मनगट धरले. हात खडबडीत होता, पण धरणे हळुवार होते. त्या म्हणाल्या, "राहू द्या बाई. मी हाय. पन माज्या संगं बसल्याल्या ह्या चौगी आता न्हाईत. त्यांचा फोटू कवा कुनी काडलाच न्हाई. त्यास्नी ह्यो पैलाच हार पडला."

मग त्यांनी काचेवर बोट ठेवून एकेकीचे नाव सांगितले. हॉलमधले हसणे केव्हाच थांबले होते. दोन नावांना मागच्या रांगेतून हुंदका आला, त्या बायांच्या सुना-नातवंडे तिथेच बसलेली होती. अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दिलेल्या शब्दाप्रमाणे स्टूल घेऊन आले. मी ते स्टूल त्यांच्या हातातून काढून घेतले, माझ्या वर्गात नेले आणि त्यावर बसून हजेरी घेतली. सर दारात उभे राहून बघत होते. जाताना दाराजवळचा फळा सरळ करून गेले. करंजी घाट आजही हॉलमध्ये आहे. मी तिसगावात जेवढा इतिहास शिकले, त्यातला बराचसा त्या एका काचेत आहे.

या षष्ट्यब्दीनिमित्त सरांचा फोटो मढवून हॉलमधल्या तेराव्या खिळ्याला लावावा, अशी सूचना समितीत आली. मी विरोध केला. माझा विरोध समितीला नवा नाही, पण या वेळी तो बरोबर होता असे मला वाटते. आमचे बाबूमामा निवृत्त झाले असले तरी कार्यक्रमाला येतात, आणि काचेत काही दिसले की त्यांचा हात अजून हाराकडेच जातो.

सर, तो खिळा तुमच्या राहिलेल्या चित्रासाठी आहे. दर दिवाळीला भिंतींना रंग देताना मी उभी राहून तो जपते. तुमचे डोळे निर्मळ राहोत, हात स्थिर राहो, आईंची सावली तुमच्यावर आणि तुमची आमच्यावर राहो. चित्राची घाई मुळीच करू नका. आणखी चाळीस वर्षे लागली तरी खिळा मोकळाच ठेवू.